ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये छोट्या सुधारणा : हात नेमका कुठे अडतो?

विचारणा थोडक्यात अशी आहे. घरातल्या एका खोलीत अभंग, नाट्यपदे आणि भावगीते ध्वनिमुद्रित करणारे एक गृहस्थ गेली चार वर्षे रीपर हे सॉफ्टवेअर वापरत आहेत. गायक, पेटी आणि तबला एवढाच संच असूनही सहा मिनिटांच्या अभंगाला त्यांना साडेतीन ते चार तास लागतात, आणि त्यातला बराच वेळ गाण्यात न जाता माउस फिरवण्यात, फाइली शोधण्यात आणि ‘पुन्हा एकदा घेऊ’ म्हटल्यावर मागे जाण्यात जातो. सॉफ्टवेअर बदलावे का, आहे त्यातच काय सुधारता येईल, आणि आपल्या हातात नसलेल्या सुधारणा निर्मात्यांना सुचवायच्या असतील तर त्या कशा मांडाव्यात, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर लगेच देतो. सॉफ्टवेअर बदलू नका. चार वर्षांत बोटांना जी सवय लागली आहे ती नव्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून लावावी लागेल, आणि तुम्ही सांगितलेल्या अडचणींपैकी एकही अशी नाही की जी लॉजिकमध्ये किंवा क्यूबेसमध्ये गेल्याने आपोआप नाहीशी होईल. शिवाय रीपरमध्ये जवळजवळ प्रत्येक क्रिया ‘अॅक्शन’ म्हणून स्वतंत्र नोंदलेली असते, तिला हवी ती कळ देता येते, आणि अनेक क्रिया एकामागून एक जोडून त्यांची स्वतःची एक क्रिया बनवता येते. बारीकसारीक सुधारणा स्वतःच करून घेण्यासाठी याहून सोयीचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

मात्र सुधारणा करण्याआधी आपला हात कुठे अडतो हे मोजावे लागते, आणि ते आठवणीवर सोडून चालत नाही. आपल्याला ज्याचा राग येतो ते आठवते; जे निमूटपणे दिवसातून चाळीस वेळा करतो ते आठवत नाही. मी काही वर्षांपूर्वी एका पूर्ण दिवसाच्या कामात शेजारी कागद ठेवला आणि गाण्याशी थेट संबंध नसलेली कोणतीही कृती केली की त्या कृतीपुढे एक रेघ मारत गेलो. मला वाटत होते की माझा वेळ ट्रॅकची नावे बदलण्यात जातो. संध्याकाळी पाहिले तर नावांपुढे नऊ रेघा होत्या आणि ‘थांबवणे, खिडकी बंद करणे, मागे जाणे, पुन्हा सुरू करणे’ या साखळीपुढे साठाहून अधिक. त्या साखळीत प्रत्येक वेळी दहा-बारा सेकंद जात असतील, म्हणजे दिवसाला फार तर बारा मिनिटे. पण त्या दहा सेकंदांत गायकाचा लागलेला सूर उतरतो, तबलजी मोबाइल हातात घेतो, आणि पुढचा टेक, म्हणजे पुढचा प्रयत्न, पुन्हा थंड सुरू होतो. खरा तोटा तो आहे, आणि तो घड्याळात दिसत नाही. तेव्हा पुढचे एक काम असा कागद ठेवूनच करा. खाली जे सांगतो त्यातले काय आधी करायचे ते तुमच्या रेघाच ठरवतील.

सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे तयार साचा. गायकाचा, पेटीचा आणि तबल्याचे दोन, असे ट्रॅक नावानिशी, रंगानिशी, योग्य इनपुट जोडून, तानपुऱ्याचा ट्रॅक आणि हेडफोनचे मिश्रण यांसह एकदा मांडा आणि तो प्रकल्प टेम्प्लेट म्हणून जतन करा. मग प्रेफरन्सेसमध्ये ‘नवीन प्रकल्प उघडताना हा साचा वापरा’ असे सांगता येते. तिथेच ‘नवा प्रकल्प उघडताच जतन करण्यास विचारा’ अशीही एक चौकट आहे. ती टिक केल्याशिवाय पुढे जाऊ नका. प्रकल्प जतन न करताच ध्वनिमुद्रण सुरू केले, तर आवाजाच्या फाइली प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये न जाता सॉफ्टवेअरच्या सर्वसाधारण फोल्डरमध्ये पडतात, आणि सहा महिन्यांनी ‘त्या अभंगाची पेटी कुठे गेली’ हा शोध तिथून सुरू होतो. फाइल शोधण्यात वेळ जातो असे तुम्ही लिहिले आहे, त्याचे मूळ बहुधा हेच असावे.

फाइलींच्या नावांचा नमुनाही ध्वनिमुद्रणाच्या सेटिंगमध्ये ठरवता येतो; ट्रॅकचे नाव, तारीख आणि वेळ त्यात आपोआप येते. यासाठी ट्रॅकला नाव ध्वनिमुद्रणाच्या आधी दिलेले असले पाहिजे, हे सांगायला नको, पण मीही ते विसरतो. पडद्यावरच्या ट्रॅकची नावे खुशाल देवनागरीत ठेवा, वाचायला बरे पडते; पण डिस्कवर जाणाऱ्या फाइलींची नावे रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवावीत असे माझे मत आहे, कारण त्या फाइली उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी जुन्या संगणकावर मिक्सिंगसाठी जाणार असतात.

आता त्या साखळीकडे वळतो. रीपरमध्ये ध्वनिमुद्रण थांबवले की नव्या फाइली ठेवायच्या, काढायच्या की नाव बदलायचे असे विचारणारी खिडकी येते. ज्यांना दिवसातून तीन फाइली करायच्या आहेत त्यांना ती उपयोगी आहे. ज्याला चाळीस टेक घ्यायचे आहेत त्याच्या वाटेत ती आडवी येते. प्रेफरन्सेसमधील ध्वनिमुद्रणाच्या पानावर ती बंद करता येते. त्यानंतर प्रश्नचिन्हाची कळ दाबून अॅक्शनची यादी उघडा आणि स्वतःची एक साखळी बनवा : थांबव, खुणेच्या जागी परत जा, ध्वनिमुद्रण सुरू कर. तिला अंकपट्टीवरची एखादी मोठी कळ द्या. थांबवतानाच नुकतेच ध्वनिमुद्रित झालेले काढून टाकणारी तयार अॅक्शनही यादीत आहे आणि ती या साखळीत बसवण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. चोवीस बिट आणि 48 किलोहर्ट्‌झवर एका मायक्रोफोनच्या एका मिनिटाला 8.64 मेगाबाइट लागतात. चार मायक्रोफोन सलग तासभर चालू ठेवले तरी दोन गिगाबाइटच्या थोडे वरच जागा जाते. एवढ्याशा जागेसाठी गायकाने चुकून घेतलेली ती एक सुंदर जागा पुसण्याचा अधिकार आपण घेऊ नये. फसलेला टेक पुसण्याऐवजी चांगल्या टेकवर खूण करा : ध्वनिमुद्रण चालू असतानाही ‘एम’ कळ दाबली की मार्कर पडतो. मी जागा आवडली की एक मार्कर आणि फसली की दोन मार्कर लागोपाठ टाकतो. नंतर टेक निवडताना तासभराचे ऐकणे पंधरा मिनिटांवर येते.

पेटीवादक स्वतःच स्वतःचे ध्वनिमुद्रण करत असेल तर कळेचाही उपयोग नाही, कारण एक हात भात्यावर आणि दुसरा पट्ट्यांवर असतो. अशा वेळी पायाने दाबायचे साधे पेडल घ्यावे. अॅक्शनला जशी कळ देता येते तसा मिडी पेडलचा (संगीताची उपकरणे संगणकाशी बोलतात त्या मिडी पद्धतीवर चालणाऱ्या पेडलचा) संदेशही देता येतो, त्यामुळे वर बनवलेली साखळीच पेडलला जोडता येते. पेडलचा खटका मायक्रोफोनमध्ये येतो, म्हणून त्याखाली जाड सतरंजीची घडी हवी.

तुम्ही अभंग आणि नाट्यपदे करता, तेव्हा सर्वांत जास्त फायदा ज्यात आहे त्या तालाच्या मांडणीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. नवा प्रकल्प उघडला की टाइम सिग्नेचर, म्हणजे एका मापात किती मात्रा हे सांगणारी अंकांची जोडी, चाराची असते आणि आपण ती तशीच ठेवतो. परिणामी झपतालातल्या पदाला पडद्यावर चार-चार मात्रांच्या रेघा पडतात, सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कोणत्या रेघेवर आहे हे दर वेळी मोजावे लागते, आणि लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) धरताना हात चुकतो. त्याऐवजी वरचा अंक आवर्तनाच्या मात्रांइतका ठेवा : रूपकाला 7, भजनी ठेक्याला 8, झपतालाला 10, त्रितालाला 16. खालचा अंक 4 ठेवला म्हणजे टेम्पोचा आकडा आणि मिनिटाला पडणाऱ्या मात्रा एकच राहतात. आता पडद्यावरचे एक माप म्हणजे एक आवर्तन झाले. मापाची प्रत्येक रेघ सम दाखवते, ‘तिसऱ्या आवर्तनापासून घेऊ’ असे गायक म्हणाला की माप क्रमांक समोर असतो, आणि अंतऱ्यानंतरचा मुखडा उचलून दुसरीकडे ठेवायचा असला तर तो मापाला मापच चिकटतो.

मेट्रोनोमच्या आघातांचा नमुनाही बदलता येतो. झपतालाचे विभाग 2, 3, 2, 3 असे आहेत. टाळी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेवर येते आणि सहावीवर काल, म्हणजे टाळी न देता खाली सोडलेली मात्रा. जोराचे आघात टाळीच्या मात्रांवर ठेवून सहावी साधी ठेवली, तर गायकाला क्लिकमध्येही तालाचा आकार ऐकू येतो. रूपकात तर सुरुवातच कालाने होते. तिथे पहिल्या मात्रेवर खणखणीत घंटा वाजवणारा मेट्रोनोम तबलजीला अक्षरशः खुपतो. तरीही क्लिकपेक्षा ठेका केव्हाही बरा. एका आवर्तनाचा स्वच्छ वाजवलेला ठेका लूप करून हेडफोनमध्ये द्या. गळ्याला क्लिकवर गायची सवय नसते, ठेक्यावर गायची असते.

मांडणी अशी केल्यावर एक नवी अडचण उभी राहते आणि ती आधीच सांगून ठेवतो. ध्वनिमुद्रणापूर्वी दोन मापे मोजून देण्याची सोय तुम्ही चालू ठेवली असेल, तर झपतालात 80 च्या लयीला एक माप साडेसात सेकंदांचे होते आणि प्रत्येक टेकच्या आधी पंधरा सेकंद थांबावे लागते. ते एकच माप करा. चाळीस टेकमध्ये तेवढ्यानेच पाच मिनिटे वाचतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘काउंट-इन’ आणि ‘प्री-रोल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकेका ओळीच्या दुरुस्तीसाठी तुम्हाला दुसरी हवी आहे. काउंट-इनमध्ये नुसते ठोके पडतात. प्री-रोलमध्ये सॉफ्टवेअर ठरलेल्या जागेच्या आधीपासून खरेखुरे गाणे वाजवत येते आणि योग्य क्षणी ध्वनिमुद्रण सुरू होते. गायकाला मागची ओळ ऐकू येते, श्वास कुठे घ्यायचा ते कळते, आणि तो समेची वाट पाहत न बसता ओघात शिरतो. मेट्रोनोमच्या बटणावर उजवी क्लिक केली की ही निवड समोर येते.

याला जोडूनच एक सूचना. दुरुस्तीचा पट्टा मापाच्या रेघेवरून सुरू करण्याची सवय पाश्चात्त्य संगीताच्या कामातून येते, आणि ती आपल्याकडे नेमकी चुकीच्या ठिकाणी कापते. त्रितालातल्या कितीतरी बंदिशी नवव्या मात्रेवरून उठतात. मुखड्याची सुरुवात मापाच्या मधोमध असते आणि सम त्याच्या शेवटी. तेव्हा पट्टा समेपासून नव्हे, तर मुखड्याच्या उठावाच्याही एक मात्रा आधीपासून घ्या. म्हणजे श्वाससुद्धा नव्या टेकमधलाच येतो आणि जोड ऐकू येत नाही. वेळेच्या निवडलेल्या पट्ट्यापुरतेच ध्वनिमुद्रण करण्याची सोय ध्वनिमुद्रणाच्या बटणावर उजवी क्लिक केल्यास मिळते. अनेक टेकमधून एक निवडण्यासाठी रीपरच्या सातव्या आवृत्तीत, म्हणजे ऑक्टोबर 2023 पासून, एकाच ट्रॅकमध्ये टेकच्या स्थिर ओळी ठेवून आवडलेल्या भागावरून नुसता माउस ओढण्याची पद्धत आली आहे. तुम्ही अजून सहाव्या आवृत्तीवर असाल तर केवळ एवढ्यासाठीही नवी घ्यावी.

हे सर्व लयीला बांधलेल्या गाण्याबद्दल झाले. विलंबित ख्यालाला किंवा मोकळ्या आलापीला क्लिक लावू नका. तिथे ग्रिड (पडद्यावरच्या मापांच्या रेघा) बंद करून, ऐकताना प्रत्येक समेवर ‘एम’ दाबत गेलात तर तेच तुमचे माप. आणि तिघेही कलाकार एकाच खोलीत एकाच वेळी वाजवत असतील, तर गायकाच्या मायक्रोफोनमध्ये तबला येणारच. अशा ध्वनिमुद्रणात एकट्या गायकाची ओळ दुरुस्त करता येत नाही, कारण नवी ओळ बसवली की जुन्या ओळीत रिसलेला तबल्याचा आवाज तेवढ्यापुरता नाहीसा होतो आणि जोड उघडा पडतो. सर्वांनी मिळून ती ओळ पुन्हा वाजवायची आणि कापताना सर्व ट्रॅक एकत्र कापायचे. चारही तुकडे निवडून ‘जी’ कळ दाबली की त्यांचा गट होतो, मग एकाला हलवले की सगळे हलतात. ही एक कळ माहीत नसल्यामुळे पेटी गळ्याच्या पाव मात्रा मागे राहिलेली ध्वनिमुद्रणे माझ्याकडे दुरुस्तीला आलेली आहेत.

माझी स्वतःची चूक इथेच सांगतो, कारण तिच्यामुळेच मी सेटिंगची पाने नीट वाचायला लागलो. पुष्कळ वर्षांपूर्वी, तेव्हा मी जे सॉफ्टवेअर वापरत होतो त्यात, एका नाट्यपदाचा गळा आणि पेटी पूर्ण झाल्यावर गायक म्हणाले की पुढच्या पदाची लय थोडी चढी ठेवू. दोन्ही पदे एकाच प्रकल्पात होती. मी टेम्पोचा आकडा बदलला, आणि पहिल्या पदाचे झालेले सगळे ध्वनिमुद्रण नव्या लयीला ताणले गेले. तेव्हा ते माझ्या लक्षातही आले नाही. तिसऱ्या दिवशी ऐकताना गायकांनीच विचारले की माझा आवाज असा रबरासारखा का लागतो आहे. रीपरमध्येही मूळ सेटिंग असे आहे की टेम्पो बदलला की तुकड्यांची जागा, लांबी आणि गती तिन्ही त्याबरोबर बदलतात, आणि ठेक्याच्या लूपला ते अगदी योग्य आहे. परंतु गळ्याच्या आणि पेटीच्या ट्रॅकचा ‘टाइमबेस’ वेळेवर बांधलेला हवा, लयीवर नव्हे. ट्रॅकवर उजवी क्लिक करून तो प्रत्येक ट्रॅकपुरता ठरवता येतो. तुमच्या साच्यात आजच हे करून टाका : ठेक्याचा ट्रॅक लयीला बांधलेला, माणसांचे ट्रॅक वेळेला.

सुराच्या बाबतीतही थोडी पूर्वतयारी पुष्कळ वेळ वाचवते. ‘काळी दोन जड जाते, काळी एक घेऊ’ असे ऐनवेळी ठरते, आणि मग तानपुऱ्याची दुसरी फाइल शोधणे सुरू होते. साच्यातच बाराही पट्ट्यांचे तानपुरे बारा ट्रॅकवर बंद करून ठेवा आणि त्यांचा एक फोल्डर करून तो मिटवून टाका; हवा तो एकच चालू करायचा. परंतु पेटी नेहमीच 440 हर्ट्‌झच्या प्रमाण सुराला लावलेली असते असे समजू नका. जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या सापडतात. 442 ला लावलेली पेटी तानपुऱ्याच्या प्रमाण फाइलीपेक्षा सुमारे आठ सेंट (लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी असते, आणि हेडफोनमध्ये ती आठ सेंटची ओढाताण गायकाला थकवते, मग तो ‘आज गळा लागत नाही’ म्हणतो. रीपरबरोबरच येणारा रीट्यून हा ट्यूनर पेटीच्या ट्रॅकवर ठेवा, षड्ज धरून किती सेंटचा फरक आहे ते पाहा, आणि तानपुऱ्याच्या तुकड्याचा सूर तेवढा हलवा. या कामाला दोन मिनिटे लागतात. तानपुरा हेडफोनमधून बाहेर फुटून गळ्याच्या मायक्रोफोनमध्ये जाणार नाही एवढा हळू आणि बंद कपांच्याच हेडफोनमध्ये द्यावा, कारण नंतर पट्टी बदलून घेतलेल्या टेकमध्ये जुन्या पट्टीचा तानपुरा ऐकू आला तर तो काढण्याचा उपाय नाही.

आवाज उशिरा ऐकू येण्याबद्दल तुम्ही ओझरता उल्लेख केला आहे. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, 1024 नमुन्यांचा असेल तर 48 किलोहर्ट्‌झवर एका दिशेलाच 21 मिलिसेकंद जातात. 128 केला तर तीनपेक्षाही कमी. ध्वनिमुद्रणाला लहान, मिक्सिंगला मोठा, आणि शक्य असेल तर इंटरफेसवरून (मायक्रोफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणावरून) थेट ऐकणे, म्हणजे सॉफ्टवेअरमधले मॉनिटरिंग बंद. यावर अधिक विचार करण्याची गरज नाही.

स्वयंचलित जतनही चालू करा, दर पाच मिनिटांनी आणि ‘ध्वनिमुद्रण चालू नसताना’ या पर्यायाने. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की वीज जाते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना यूपीएसचे महत्त्व मी वेगळे सांगत नाही. एका बैठकीत आठ अभंग केले असतील तर प्रत्येकाला निवडून ‘शिफ्ट’ आणि ‘आर’ने रीजन, म्हणजे नाव देता येणारा पट्टा, करा, रीजनला अभंगाचे नाव द्या, आणि शेवटी फाइल काढताना रीजनप्रमाणे काढा, आठ फाइली आपापल्या नावानिशी एकाच वेळी बाहेर येतात.

एवढे केल्यावर तुमच्या कागदावर ज्या रेघा उरतील त्या निर्मात्यांकडे नेण्यासारख्या असतील. रीपरची कंपनी लहान आहे आणि छोट्या छोट्या सुधारणांच्या आवृत्त्या वारंवार काढते, त्यामुळे नेमकी सूचना वाया जात नाही. पण ती नेमकी असावी लागते. सर्वांत आधी अॅक्शनच्या यादीत वेगवेगळ्या शब्दांनी शोध घ्या. हजारो क्रिया तिथे आधीच आहेत आणि आपल्याला हवी असलेली बहुधा दुसऱ्याच नावाने सापडते. मी आवेशाने लिहिलेल्या पहिल्या तीन सूचनांपैकी दोन गोष्टी आधीपासून अस्तित्वात होत्या. वापरकर्त्यांनी लिहिलेल्या जोड-स्क्रिप्टही पाहाव्यात. एसडब्ल्यूएस हा मोफत विस्तार आणि स्क्रिप्ट आणून बसवणारा रीपॅक यांमध्ये नव्वद टक्के नाही तरी पुष्कळ गरजा भागतात.

तरीही उरलेच, तर उपाय न मांडता अडचण मांडा. ‘पडद्याच्या वरच्या पट्टीवर एक मोठे बटण द्या’ ही सूचना नव्हे. ती तुमची आवड झाली, आणि पट्टीवर जागा कमी असल्यामुळे ती नाकारणे सोपे आहे. कोणते काम करत होतात, त्यासाठी किती पायऱ्या लागतात, दिवसातून किती वेळा, आता काय घडते, काय घडायला हवे, आणि ज्यांना हे नको आहे त्यांचे काय, एवढे सहा-सात वाक्यांत लिहा. शेवटचा मुद्दा बहुतेक जण गाळतात, आणि सूचना मागे पडण्याचे ते मोठे कारण असते. दहा वर्षे एका पद्धतीने हात चालवणाऱ्या माणसाची कळ आपल्या सोयीसाठी बदलली जाणार असेल तर तो विरोध करणारच. म्हणून नवे वर्तन मूळ सेटिंगमध्ये बंद असावे असे स्वतःहून लिहिले की अर्धा विरोध मावळतो. आवृत्तीचा क्रमांक आणि संगणकाची प्रणाली द्या. एका पत्रात एकच सूचना करा. पाच सूचना एकत्र पाठवल्या तर सर्वांत सोपी निवडली जाते आणि उरलेल्या चार विसरल्या जातात.

आणि तालाबद्दलची सूचना असेल तर ती आपल्या शब्दांत न ठेवता त्यांना कळेल अशा आकड्यांत सांगा. ‘रूपकाची सम खाली असते’ हे वाक्य बाहेरच्या प्रोग्रामरला काहीच सांगत नाही. ‘सात ठोक्यांचे माप, 3, 2, 2 अशी विभागणी, आणि पहिला ठोका सर्वांत जोराचा नसून सर्वांत मऊ’ हे सांगते.

नमुना म्हणून माझ्या त्या जुन्या चुकीवरची सूचना मी आज अशी लिहीन : ‘ज्या प्रकल्पात मायक्रोफोनवरून ध्वनिमुद्रित केलेला आवाज आहे आणि त्याचा टाइमबेस लयीला बांधलेला आहे, त्यात टेम्पो बदलताना जुना आवाज किती टक्के ताणला जाणार आहे हे एका ओळीत दाखवावे. हे माझ्या हातून एकदा घडले आणि ते तिसऱ्या दिवशी लक्षात आले, तोवर पूर्ववत करण्याचा इतिहास पुढे गेला होता. ही ओळ काम थांबवणारी खिडकी नसावी, केवळ माहिती असावी, आणि लूपवर काम करणाऱ्यांना ती नको असल्यामुळे मूळ सेटिंगमध्ये बंद असावी.’ यात बटणाचा रंग नाही, तक्रारीचा सूर नाही, आणि वाचणाऱ्याला ते करून पाहायला एक मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

पुढच्या बैठकीचा कागद झाला की तुमच्या पहिल्या तीन रेघा कोणत्या आहेत ते कळवा. ताल आणि लय सांगितलीत तर त्या साखळीत कोणत्या अॅक्शन कोणत्या क्रमाने जोडायच्या ते लिहून देईन.